पिल्लाला गोठवलेला खाऊ: खरंच थंडावा, की आपल्या मनाचं समाधान?

सावलीप्रेमी: ऊन वाढलं की पिल्लापुढे बर्फाचा खडा टाकायचा आणि पंखा स्वतःकडे वळवायचा, हे मला पटत नाही. गोठवलेला खाऊ हा खाऊच, उन्हावरचा उपाय नव्हे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंगातली उष्णता घालवतं. त्याला सावली, वारा आणि भरलेलं पाण्याचं भांडं हवं. शिवाय कडक बर्फ चावताना दात तुटू शकतो, ते वेगळंच. तुमचं मत?

चुळबुळ: साफ असहमत! कडक खडाच द्या असं म्हणतंय कोण? साधं दही उथळ ताटलीत पातळ पसरून गोठवा. पिल्लू ते चाटतं, चावत नाही. ३ ते ६ महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून पक्के येतात, हिरड्या ठणकतात. तेव्हा ओलं करून गोठवलेलं फडकं चघळायला दिलं की पिल्लू शांत होतं आणि चपलाही वाचतात. फक्त समोर बसा, धागे सुटायला लागले की काढून घ्या.

सावलीप्रेमी: चपला वाचल्या, मान्य. पण ते दातांचं झालं, उन्हाचं कुठे? ढोबळ हिशेब करू. १० ग्रॅम बर्फ वितळून अंगाच्या तापमानाला येईपर्यंत साधारण १.२ किलोकॅलरी उष्णता शोषतो. ५ किलोचं पिल्लू दिवसाला ५०० किलोकॅलरी खर्च करतं असं धरलं, तर तेवढी उष्णता ते तीन-चार मिनिटांत पुन्हा तयार करतं. झाला तुमचा थंडावा.

खवचट_बोका: पिल्लाला गणित येत नाही हे बरंय. 😀 पण तुम्ही पाणी हिशेबात धरलंच नाही. खेळायच्या नादात भांड्याकडे ढुंकूनही न बघणारी पिल्लं असतात. चिकनचं बिनमिठाचं पाणी गोठवून, भुगा करून दिलं की तेवढं पाणी तरी पोटात जातं. कांदा-लसूण मात्र अजिबात नको.

चुळबुळ: +१. आणि गोठवलेलं गाजर राहिलंच की!

पट्टीवाली: गाजराला माझा विरोध. प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते म्हणून सांगते, अख्खं गोठलेलं गाजर पिल्लासाठी फार कडक, आणि तुकडे घशात अडकतात. किसून द्या. अंगठ्याचं नख रुतत नसेल ती वस्तू चघळायला देऊच नका. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट पूर्ण बंद. पीनट बटर वापरत असाल तर डब्यावरची यादी वाचा, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) असेल तर ते कुत्र्याला विष आहे, थोडंसुद्धा चालत नाही.

आता मूळ वादाबद्दल. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या पुढे गेलं की जिवावर बेतू शकतं. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट झालीय, हिरड्या लालभडक, चाल लडखडतेय, उलटी होतेय, अशा पिल्लाच्या तोंडात कसलाही खाऊ कोंबू नका. अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टरकडे न्या. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींत तर वेळच मिळत नाही. इथे सावलीप्रेमींशी सहमत.

खवचट_बोका: थंडगार पाण्याने पोट फुगून कुत्रं दगावतं, असंही ऐकलंय. त्याचं काय?

पट्टीवाली: त्याला पुरावा नाही. पोटाला पीळ पडण्याचा धोका मोठ्या, खोल छातीच्या जातींत आणि बकाबका खाणाऱ्यांत जास्त. थंड पाण्याच्या भीतीने तहानलेल्या पिल्लासमोरचं भांडं उचलू नका.

चुळबुळ: मग दह्याची ताटली चालेल ना? रोज?

पट्टीवाली: चालेल. बिनसाखरेचं दही, आणि सगळा वरखाऊ मिळून दिवसाच्या आहाराच्या १० टक्क्यांच्या आत. शी पातळ झाली की बंद.

सावलीप्रेमी: ठीक आहे, पण ताटली सावलीत ठेवा. दुपारी अंगणात नेऊन फोटो काढायचे, हे मी बघून आहे.