धकाधकीत पालकांनी रोजनिशी लिहावी ती कशी?

प्रश्न
थोरला चौथीत, धाकटी बालवाडीत आणि आम्ही दोघेही नोकरीत. संध्याकाळी मुलांवर आवाज चढतो आणि तो कशामुळे चढला हे नंतर आठवतही नाही, म्हणून मी रोजनिशी लिहू लागले. परंतु रात्री वही उघडली की दुधाचा हिशेब, लसीची तारीख आणि उद्याच्या डब्याची भाजी यांपलीकडे काही उतरत नाही. अशा लिखाणातून स्वतःविषयी काही उमगते का?

प्रतिसाद १
यादीचा उपयोग वेगळा आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या 2018 मधील प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. तेव्हा यादी अवश्य करा, पण वहीच्या शेवटच्या पानावर. पुढच्या पानावर एकच प्रसंग आणि त्याआधीचा अर्धा तास लिहावा. माझी एक नोंद अशी आहे: ‘साडेसात. मुलगा तेराच्या पाढ्यात अडला, मी ओरडलो. दुपारचा डबा तसाच परत आणला होता. साहेबांचा फोन ठेवून नुकताच टेकलो होतो.’ अशा नोंदी सलग वाचल्यावर कळले की माझा राग बहुतेक वेळा पाढ्यांवर नसतोच, मी उपाशी असतो. हल्ली घरात शिरल्यावर आधी काहीतरी खातो.

प्रतिसाद २
रोज लिहिलेच पाहिजे असा नेम कशाला? मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, दररोज पंधरा मिनिटेच लिहिले होते. ज्यांनी क्लेशदायक घटनेच्या तपशिलासोबत त्या वेळच्या भावनाही मांडल्या, त्यांच्या आरोग्य केंद्रातील फेऱ्या पुढील काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. मात्र लिहून उठताना ते अधिक खिन्न असत, हेही ध्यानात ठेवावे. आणि तीच तक्रार त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा उतरू लागली, तर ते दुःख उगाळणे झाले. अशा वेळी वही मिटून जोडीदाराशी किंवा समुपदेशकाशी बोलावे.

प्रतिसाद ३
वही कुणाच्या हाती लागेल ही धास्ती असली की माणूस शोभेचेच लिहितो, आणि एकत्र कुटुंबात ती असतेच. मी माझी वही कार्यालयाच्या खणात ठेवते आणि जेवणाच्या सुट्टीत लिहिते. तोवर आदल्या संध्याकाळचा राग निवळलेला असतो, त्यामुळे मुलाची बाजूही कागदावर येते. रात्री डोळे मिटत असताना लिहिण्याचा अट्टहास मात्र मला पटत नाही.