मदत हवी आहे: हवेत एवढा नायट्रोजन, मग आपण चक्र बिघडवलं ते कसं?

मंडळी, नत्रचक्रावर दहा मिनिटं बोलायचंय आणि माझं घोडं हिशोबातच पेंड खातंय.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन. वजनात सुमारे ३९ लाख अब्ज टन. हाबर-बॉश पद्धतीने कारखाने वर्षाला त्यातला साधारण १२ कोटी टन अमोनियात, म्हणजे खतांच्या कच्च्या मालात, बांधतात. या वेगाने हवा रिकामी व्हायला ३ कोटी वर्षं लागतील! शिवाय विनत्रीकरण करणारे जीवाणू तो परत हवेत सोडतातच. मग बिघडलं काय? जे वाचतोय ते थेट शेवाळ आणि मेलेल्या माशांपासून सुरू होतं. त्याआधीची कडी कुणी सांगेल का?

प्रतिसाद: भागाकार बरोबर, भाज्य चुकीचा घेतलात. हवेतला नायट्रोजन म्हणजे कुलूपबंद तिजोरी. दोन अणूंमधला तिहेरी बंध तुटल्याशिवाय झाडाला त्यातलं काही मिळत नाही. जमिनीवर हे काम मुख्यतः जीवाणू करत, थोडंफार विजा. १९०९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने ते प्रयोगशाळेत जमवलं, १९१३ मध्ये जर्मनीतच ओप्पाऊला कारखाना सुरू झाला. तुलना करायची ती जीवाणूंच्या कामाशी. खतं, कडधान्यांची लागवड (त्यांच्या मुळांतले जीवाणू नत्र बांधतात) आणि इंधनाचा धूर धरला तर आज आपण जमिनीवर निदान त्यांच्याइतका नत्र बांधतो.

मूळ धागाकर्ता: हे पटलं. पण परतीची वाट तर उघडी आहे ना?

प्रतिसाद: अरुंद आहे. विनत्रीकरणाला ऑक्सिजनचा अभाव हवा आणि बहुतेक जीवाणूंना खायला सेंद्रिय कार्बनही. शेतात पडलेल्या नत्रातला जवळपास निम्मा पीक उचलतच नाही. त्याचा पाण्यात विरघळणारा नायट्रेट होऊन खोल भूजलात उतरला की तिथे कार्बनची वानवा, मग तो दशकानुदशकं पडून राहतो. नदीने वाहून नेला तर तुमचं शेवाळ आलंच. मिसिसिपीच्या मुखाशी मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात ते शेवाळ मरून तळाशी कुजतं आणि तिथला ऑक्सिजन जवळपास संपतो. आणि जीवाणूंचं काम पुष्कळदा अर्धवट राहतं. शेवटच्या पायरीआधीच नायट्रस ऑक्साइड निसटतो. १०० वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो, वर ओझोनही खातो.

फक्त ‘खतं बंद करा’ असं बोलून बसू नका. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं जेवण त्या अमोनियावर उभं आहे.

मूळ धागाकर्ता: मग ३ कोटी वर्षांची स्लाइड काढू?

प्रतिसाद: छे! पहिलीच ठेवा. अर्धी सभा तुमच्यासारखीच फसेल, मग तिजोरी काढा.