देवाने माफ केलं, मग आईच्या चव्वेचाळीस हजारांचं काय?

कोपरीची लेक
ठाण्यातल्या आमच्या पॅरिशमधली, म्हणजे चर्चच्या मंडळीतली गोष्ट आहे, नाव घेत नाही. एक गृहस्थ भिशी चालवायचे. आईने दर महिन्याला दोन हजार असे 22 महिने भरले. तिचा नंबर लागायच्या आत भिशी बुडाली आणि ते निघून गेले. यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात परत आले. कुमसार केला, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली दिली, असं त्यांनीच सांगितलं, प्रार्थनासभेत उभं राहून साक्ष दिली, ‘देवाने मला माफ केलं’ म्हणाले. लोक रडले. आई तिसऱ्या बाकावर होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
देवाच्या दयेवर माझा विश्वास आहे. पण बायबलमधला जक्कय आठवा, लोकांना लुबाडणारा जकातदार. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा तो नुसता रडला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो, असं उभं राहून बोलला. पश्चात्ताप म्हणतात तो हा.

ऐरोलीचा मेंढपाळ
ताई, आईचं दुःख खरं आहे. तरी जक्कयाची गोष्ट तुम्ही उलटी वाचताय. तो झाडावर चढून बसला होता, येशूने आधी त्याला हाक मारली, त्याच्या घरी उतरला. चौपटीची भाषा त्यानंतरची. आणि येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराने काय परत केलं? हात खिळलेले होते. ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे त्याला काहीही न फेडता मिळालं. कृपेला हप्ते लावले की ती कृपा राहत नाही. मी स्वतः दारूतून उठलेला माणूस आहे. आधी सगळ्यांची देणी फेडून ये, असं कोणी म्हटलं असतं तर मी चर्चच्या पायरीपर्यंतही पोहोचलो नसतो.

कोपरीची लेक
चोराचे हात खिळलेले होते, दादा. यांचे मोकळे आहेत. कॅथलिक शिकवणही स्पष्ट आहे: पापक्षमेने पाप जातं, पण झालेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेलं शक्य असेल तर परत करायचं असतं.

वाशीची नर्स
मीही कॅथलिक आहे आणि तुमचं शिकवणीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण कुमसारात फादर काय बोलले हे तुम्हाला कळूच शकत नाही, फादर जिवंतपणी कोणाला सांगणार नाहीत. पैसे परत कर असंच सांगितलं असेल तर? माणसाला वेळ लागतो. नुसत्या भीतीने पाय अडतो.
सिस्टर राणी मारिया या ननचं उदाहरण घ्या. 1995 मध्ये मध्य प्रदेशात बसच्या प्रवासात त्यांना भोसकून मारलं. मारेकऱ्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन राखी बांधली. त्याने आधी काही फेडलं होतं का? गेलेला जीव फेडणार तरी कसा?

कोपरीची लेक
ते उदाहरण माझ्याही बाजूचं आहे. सुटल्यावर तो माणूस केरळला सिस्टरांच्या आईच्या दारात गेला, माफी मागायला. देवाकडे मागून थांबला नाही. मला पैशांपेक्षा तेच खुपतंय. आमचं घर चर्चपासून चालत सात मिनिटांवर आहे.

ऐरोलीचा मेंढपाळ
हे पटलं. दारात जायला हवं होतं. त्यांनी साक्ष द्यायची घाई केली. तरी देवाने त्यांना माफ केलं नाही असं मी म्हणणार नाही. बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत, परतलेल्या धाकट्याला बापाने जवळ केलं म्हणून बाहेर अडून बसलेला थोरला भाऊही आहे. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, समजूत काढायला. त्याला ओरडत नाही.
एक विचारू? आई काय म्हणते?

कोपरीची लेक
आई काहीच म्हणत नाही. भिशीची वही कपाटात, साड्यांच्या खाली आहे. निळ्या शाईत बावीस बरोबरच्या खुणा, पुढची पानं कोरी. आणि रोज रात्री रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना झाली की ती त्या भिशीवाल्यांच्या नावाने आणखी एक ‘नमो मारिया’ ही प्रार्थना म्हणते. बारा वर्षं म्हणतेय. मी लहान होते तेव्हा वाटायचं, आजारी नातेवाईक असतील कोणीतरी.

वाशीची नर्स
मग लोकांपुढे बोलू नका, पॅरिश कौन्सिलकडेही नको. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय तसं करा: आधी एकट्याला एकट्याने भेटायचं. आई तयार असेल तर वही घेऊन तिनेच जावं.

कोपरीची लेक
रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर आईला विचारते.