गहाण जमिनीचा प्राथमिक हुकूमनामा: अपील आत्ताच करावे की अंतिम हुकूमनाम्यानंतर?

प्रश्न (परभणी जिल्हा):
वडिलांनी बहिणीच्या लग्नासाठी पैसे घेताना दोन एकर जमीन शर्तीच्या खरेदीने (पैसे फेडल्यास जमीन परत, अशा अटीच्या खरेदीखताने) गहाण लिहून दिली होती. बावीस दिवसांपूर्वी दिवाणी न्यायालयाने प्राथमिक हुकूमनामा (अंतिम हुकूमनाम्याआधीचा, देणे व मुदत ठरवणारा निकाल) केला की, सहा महिन्यांत रक्कम न भरल्यास जमीन सोडवून घेण्याचा आमचा हक्क संपेल. परत केलेल्या दीड लाखाच्या पावत्या मात्र न्यायालयाने हिशेबात धरल्याच नाहीत. गावातील जाणते म्हणतात, अंतिम हुकूमनामा होऊ द्या, मग वर जा. हे बरोबर आहे का?

उत्तर १:
नाही, आणि कृपया या सल्ल्यावर एक दिवसही थांबू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९७ नुसार प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केले नाही, तर अंतिम हुकूमनाम्यावरील अपिलात त्याच्या बरोबर-चुकीचा वाद काढता येत नाही, म्हणजे तुमच्या पावत्यांचा मुद्दा कायमचा जाईल. अपील जिल्हा न्यायालयात असेल तर मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात असेल तर ९० दिवस. कोठे जायचे ते दाव्याच्या मूल्यांकनावर ठरते. नुसते अपील दाखल केल्याने स्थगिती मिळत नाही, तिचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. सहा महिन्यांची मुदतही अपिलामुळे आपोआप थांबत नाही. सबळ कारण दाखवल्यास अंतिम हुकूमनाम्यापूर्वी ती वाढवून मागता येते. तोवर पैशांची जुळवाजुळव चालू ठेवा, कारण अंतिम हुकूमनामा होण्यापूर्वी रक्कम न्यायालयात भरली तर जमीन सुटते.

उत्तर २:
आमच्या चुलत्यांनी हीच वाट पाहिली आणि हिशेबाचा मुद्दा कोणी ऐकूनच घेतला नाही, म्हणून कळकळीने सांगतो, आजच अपिलासाठी हुकूमनाम्याच्या नकलेचा अर्ज द्या. नकलेवर अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असते; नक्कल मिळण्यास लागलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, पण तयार नक्कल तुम्ही उशिरा उचललीत तर ते दिवस तुमच्याच खात्यावर पडतात.

उत्तर ३:
पैसे देणाऱ्याचा सावकारी हा व्यवसाय असेल, तर कर्ज देताना त्याच्याकडे परवाना होता का, हे वकिलांना जरूर तपासायला सांगा. महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकाराच्या बाजूने न्यायालयाला हुकूमनामा करता येत नाही.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा आभारी आहे. नकलेचा अर्ज आज दुपारी दिला. उद्या सर्व पावत्या घेऊन वकीलसाहेबांकडे जात आहे.