घशाचा कॅन्सर म्हणजे तंबाखू खाल्लीच असणार?

रानवारा: काल इथेच एकाने लिहिलं, "घशाचा कॅन्सर तंबाखू-सिगारेटवाल्यांनाच होतो, व्हायरस वगैरे सगळा लस खपवायचा धंदा." वर शंभरेक लाइक्स. माझ्या मेव्हण्याने आयुष्यात विडीला हात लावला नाही. एक दिवस दाढी करताना मानेला बोराएवढी गाठ लागली, दुखत नव्हती, म्हणून चार महिने अँटिबायोटिक्सवर काढले, गाठ आपली तिथेच. शेवटी सुई घालून तपासलं तर टॉन्सिलचा कॅन्सर, एचपीव्ही पॉझिटिव्ह, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या व्हायरसचा. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "खरं सांग, चोरून ओढायचास ना?" असलं लिहिणाऱ्यांमुळेच विचारतात लोक!

जुना खांब: ते मीच लिहिलं होतं. मेव्हण्यांचं वाईट वाटलं, पण एका माणसावरून नियम होत नाही. माझ्या वडिलांचं स्वरयंत्र काढलं, तंबाखूमुळेच, शेवटची दोन वर्षं ते पाटीवर लिहून बोलले. तुम्ही व्हायरस व्हायरस करा, उद्या प्रत्येक ओढणारा म्हणेल, न ओढणाऱ्यालाही होतोच की.

निशिगंध: मी लॅबमध्ये बायोप्सीच्या स्लाइड्स करते. तुम्ही दोघं दोन वेगळ्या जागांबद्दल भांडताय. स्वरयंत्राला मुख्य कारण तंबाखूच. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ इथे मात्र एचपीव्ही हेही मोठं कारण, त्यातही बहुतेक वेळा त्याचा टाइप १६ हा प्रकार. त्याची ई६ आणि ई७ ही प्रोटिन्स पेशीची वाढ रोखणारे ब्रेकच निकामी करतात. अमेरिकेत या जागेच्या कॅन्सरपैकी ७० टक्क्यांच्या आसपास एचपीव्हीचे धरतात. आणि आजार वेगळा वागतो: २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनी एचपीव्ही पॉझिटिव्ह पेशंटपैकी ८२ टक्के जिवंत होते, निगेटिव्हपैकी ५७. म्हणून तर २०१८ पासून स्टेजिंगही, म्हणजे आजार किती पुढे गेलाय ते ठरवणंही, वेगळं झालं.

अमृता: हा व्हायरस लागतो कसा ते कुणी लिहीत नाही, मी लिहिते. माझ्या नवऱ्याला हाच कॅन्सर झाला. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये, सासूबाईंसमोर म्हणाले, "हा लैंगिक संबंधातून येतो," आणि पुढच्या पेशंटकडे गेले. मी तीन महिने नवऱ्याशी धड बोलले नाही, त्याच्या रेडिएशनच्या काळात, आणि ते मला आजही खातं. नंतर एका नर्सने बसवून सांगितलं की संसर्ग होऊन कॅन्सर व्हायला वीस-तीस वर्षंही जातात, कुणाकडून कधी आला ते कुठलीच टेस्ट सांगत नाही. हा संसर्ग बहुतेकांना कधी ना कधी होतो, आणि बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत शरीरच तो घालवतं.

जुना खांब: म्हणजे बायकोने विचारायचंच नाही?

रानवारा: विचारा ना, पण रिपोर्ट हातात घेऊन चारित्र्याचा पंचनामा कशाला! लग्नाआधीचा संसर्ग असू शकतो, कळत कसं नाही तुम्हाला?

जुना खांब: आवाज चढवू नका, साधा प्रश्न विचारला.

अमृता: साधा नाहीये तो. मी विचारला, उत्तर त्याच्याकडेही नव्हतं, आणि दोघंही रडलो.

शेवटचा बाक: माझा राग वेगळा आहे. इतकी वर्षं ही एचपीव्हीची लस 'मुलींची' म्हणून सांगितली. हा कॅन्सर जास्त होतो पुरुषांना! ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून मुलग्यांना द्यायला सुरुवात केली. मी मुलाचं विचारलं तर दवाखान्यात माझ्याकडे बघून हसले.

निशिगंध: द्याच, पण संसर्गाआधी दिली तरच खरा उपयोग, झालेला आजार लसीने बरा होत नाही. गर्भाशयाच्या मुखाला पॅप टेस्ट आहे, घशाला तशी नेहमीची तपासणी नाही. म्हणून मानेची गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर कान-नाक-घसावाल्याकडे जायचं. आणि जुना खांब, एचपीव्हीवाला पेशंट सिगारेट ओढत असेल तर त्याचाही निकाल खालावतो, एवढं तुमचं बरोबर.

जुना खांब: टॉन्सिलचं मानलं. 'धंदा' हा शब्द काढतो. तंबाखूवरचं एक अक्षरही काढणार नाही.

रानवारा: नका काढू. मेव्हण्याची लाळ सुकलीय, पाण्याच्या घोटाशिवाय घास उतरत नाही, पण गाठ गेली. त्याला हा धागा दाखवतोय, तुमची शेवटची कमेंटसुद्धा.