कौटुंबिक सहलीतील लक्षात राहणारे छायाचित्र कसे टिपावे?

प्रश्न

नमस्कार. आम्ही इंदूरचे. गेल्या पावसाळ्यात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि मुले असे मांडूला जाऊन आलो. घरी आल्यावर मोबाइलमध्ये नऊशेच्या वर छायाचित्रे निघाली, पण जहाज महालापुढे रांगेत उभे आम्ही, होशंगशाहच्या कबरीपुढे रांगेत उभे आम्ही, रूपमती मंडपातही तसेच, आणि चेहऱ्यांवरचे हसूसुद्धा तेच, हे पाहून मला मनापासून वाईट वाटले. एकच छायाचित्र मी पुन्हा पुन्हा उघडते. वाटेत गाडी थांबवली होती. सासूबाई बॉनेटवर डबा ठेवून धपाटे वाटत आहेत, त्यांचा पदर वाऱ्याने उडून धाकट्याच्या तोंडावर आला आहे आणि तो पदराआडूनच हात पुढे करतो आहे. हे चुकून टिपले गेले. पुढच्या महिन्यात महेश्वरला जायचे आहे. असे काही ठरवून मिळवता येते का?

प्रतिसाद १

ताई, ते छायाचित्र चांगले आले, कारण त्यात प्रत्येकाचे लक्ष कॅमेऱ्याकडे नसून हातातल्या कामाकडे आहे. आपण रांगेत उभे राहतो ती सवय फार जुनी आहे. नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ १८६६ मध्ये आपल्या इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक म्हणून लागले आणि पुढे इथेच छायाचित्रणाकडे वळले. त्या काळी काचेच्या प्लेटवर चित्र उमटायला इतका वेळ लागे की माणसाला स्तब्ध राहण्यावाचून गत्यंतर नसे. आजच्या फोनला ती अडचण नाही, तरी आपण मात्र अजून श्वास रोखून उभे राहतो.

मी ३६ फ्रेमच्या रोलवर शिकलो. रोल महाग, म्हणून आधी जागा आणि उजेड निवडायचा आणि मग तिथे माणूस येण्याची वाट पाहायची, ही शिस्त लागली. महेश्वरसाठी ती फार उपयोगी पडेल. गाव नर्मदेच्या उत्तर तीरावर असल्यामुळे घाटाचे तोंड दक्षिणेला आहे आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे कललेला सूर्य पायऱ्यांवर दिवसभर ऊन देतो. सकाळी लवकर जा, कारण तेव्हा ऊन बाजूने येते आणि प्रत्येक पायरीची सावली वेगळी दिसते. मुलांना पाण्याजवळच्या पायऱ्यांवर खेळू द्या, मोठ्यांपैकी कोणाला तरी त्यांच्याजवळ बसवा आणि आपण चार पायऱ्या वर थांबा. नर्मदा मागे आपोआप येईल, त्यासाठी कोणाला उभे करण्याची गरज नाही. विणकरांकडे गेलात, तर परवानगी घेऊन सासूबाई साडीचा काठ दोन बोटांत धरून पाहतात तो क्षण टिपा. माझ्या मते सबंध सहलीचे सर्वोत्तम छायाचित्र तिथेच मिळेल.

प्रतिसाद २

थोडे तांत्रिक सांगतो. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, त्यामुळे जवळून टिपताना कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ताणल्यासारखा दिसतो. वडीलधाऱ्यांना मध्ये घ्यावे किंवा आपण मागे सरून दुप्पट झूम वापरावा. मागे उजळ आकाश असेल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे, म्हणजे उजेड चेहऱ्याप्रमाणे जुळतो. आणि नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, नाहीतर चित्र दाबले जाऊन तपशील जातो.

प्रतिसाद ३

सहलीची वाट कशाला पाहायची, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. माझे वडील रोज सकाळी पोह्यांवर स्वतःच्या हाताने जिरावन मसाला भुरभुरवत. चिमूट उंच धरायची आणि ताटलीभोवती हात गोल फिरवायचा, ही त्यांची खास पद्धत. ते गेल्यावर आम्ही सगळे अल्बम काढून बसलो. लग्नकार्यांत फेटा बांधलेले वडील पन्नास ठिकाणी सापडले, पण त्या हाताचे एकही छायाचित्र नाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जिलेबीवाल्याचे छायाचित्र मी दहा वेळा घेतले असेन, घरच्या ओट्याकडे मात्र कॅमेरा कधी वळवला नाही. म्हणून ताई, घरातला माणूस रोज जे करतो तेच आधी टिपा, आणि निवडक चित्रांच्या प्रती काढून मागे शिसपेन्सिलीने नाव, जागा व तारीख लिहून ठेवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची आभारी आहे. शेवटचा प्रतिसाद वाचून काल संध्याकाळीच प्रयत्न केला. सासरे खिडकीशी बसून चष्म्याची सुटलेली काडी दोऱ्याने बांधत होते. मी काही न बोलता दारातच थांबले आणि आठ छायाचित्रे घेतली. पहिल्या तीन-चारांत त्यांना माझी चाहूल लागलेली कळते. नंतर ते कामात गुंतले आणि सातव्यात दाताने दोरा तोडताना त्यांचे डोळे घट्ट मिटलेले आहेत. तेवढे एक ठेवले आहे. महेश्वरला निघण्यापूर्वी त्याची प्रत काढून आणते.