नीस विमानतळ ते मोनॅकोचं हार्बर, ड्रायव्हरसकट गाडी कशी ठरवायची? सोबत आई-बाबा आहेत

धंतोलीकर
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नागपूरहून मुंबईमार्गे फ्रान्सला नीसला जाऊन राहिलो. लंडनच्या चुलतभावाचा पन्नासावा वाढदिवस आहे, त्याने मोनॅकोहून एका दिवसासाठी यॉट भाड्याने घेतली आहे आणि सगळ्यांना सकाळी 10 ला बोटीवर बोलावलंय. आम्ही सात जण, मी, बायको, सहा वर्षांची मुलगी, आई-बाबा आणि सासू-सासरे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात, म्हणून ट्रेन-बसच्या भानगडीत पडायचं नाही असं घरात ठरलंय. विमानतळ ते नीसचं हॉटेल, मग दुसऱ्या दिवशी हॉटेल ते हार्बर आणि संध्याकाळी परत, एवढ्यासाठी गाडी हवी. वेबसाइटवर इतके पर्याय दिसून राहिले की डोकं चालेना. आधी बुक करावी की तिथे जाऊन टॅक्सी घ्यावी? आणि आधी बुक करायची तर विचारायचं काय काय?

मानेवाडा_रोड
टॅक्सी घ्या भाऊ, विमानतळावर रांगेत उभ्या असतात. तिथून मोनॅकोचा दर ठरलेला आहे, मीटरची कटकट नाही. फक्त सात जणांसाठी मोठी गाडी लागेल, ती त्या वेळी रांगेत असेलच याची खात्री नाही.

दर्यावरचा_वऱ्हाडी
मूळचा प्रतापनगरचा, आता अँटीबला राहतो, यॉटच्या इंजिनांचं काम करतो, त्यामुळे या भागातली बंदरं रोजच्या पायाखालची आहेत. जरा लांब लिहितो, बाबा सोबत आहेत म्हणून.

पहिलं म्हणजे तुमची तारीख. सप्टेंबरच्या शेवटी मोनॅको यॉट शो असतो, चार दिवस, 1991 पासून पोर्ट हर्क्युलमध्येच भरतो. त्या दिवसांत बंदर शोच्या बोटींनी भरलेलं असतं आणि भाड्याच्या बोटींना बरेचदा दुसरीकडे जागा घ्यावी लागते. म्हणून गाडीचं नंतर बघा, आधी चुलतभावाला विचारा की बोट नेमकी कोणत्या बंदरात आणि कोणत्या धक्क्यावर लागणार. 'मोनॅको हार्बर' एवढ्यावर विसंबू नका. पोर्ट हर्क्युल हे मोठं बंदर, राजवाड्याच्या खडकाच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला फाँव्हिएल, ते वेगळं बंदर. त्याला अगदी लागून काप दाय, ते दिसतं मोनॅकोसारखंच पण ती हद्द फ्रान्सची. आणि काला देल फोर्ते म्हणून एक मरिना आहे, तिच्या नावात मोनॅको जोडलेलं असतं पण ती इटलीत वेंटिमिलियाला आहे. नागपूर स्टेशनवर भेटू म्हटलं आणि एक जण संत्रा मार्केटच्या बाजूला, दुसरा मेन गेटला उभा, तसं होतं, फक्त इथे मध्ये एक अख्खा डोंगर असतो.

दुसरं, जाणं आणि येणं वेगवेगळं धरा. फ्रान्समध्ये ड्रायव्हरसकट भाड्याच्या गाडीला व्हीटीसी म्हणतात, ती आधी बुकच करावी लागते, रस्त्यावर हात दाखवून थांबवता येत नाही. समोरच्या काचेवर व्हीटीसीचा गोल स्टिकर असतो तो बघा. विमानतळाच्या दारात कोणी 'टॅक्सी, टॅक्सी' करत मागे लागला तर त्याच्यासोबत अजिबात जायचं नाही. आता महत्त्वाचं: फ्रान्सची व्हीटीसी तुम्हाला मोनॅकोत सोडू शकते, पण मोनॅको हा वेगळा देश, तिथून प्रवासी उचलायला तिथली वेगळी परवानगी लागते. उबरचंही तसंच आहे, सकाळी आरामात नेऊन सोडेल आणि संध्याकाळी ॲपमध्ये गाडी मिळणार नाही. आठ तास उन्हात बोटीवर राहून थकलेली चार वयस्कर माणसं धक्क्यावर घेऊन तेव्हा काय करणार? म्हणून बुक करतानाच लेखी विचारा, 'मोनॅकोतून पिकअपची परवानगी तुमच्या गाडीला आहे का?' गोलमोल उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा.

तिसरं, वेळ. विमानतळापासून अंतर 30 किलोमीटरच्या आसपास, रस्ता मोकळा असला तर अर्धा-पाऊण तास. पण सकाळी फ्रान्सकडून हजारो लोक मोनॅकोत नोकरीला जातात, त्यात शोची गर्दी. 10 ला बोट असेल तर मी बाबांना घेऊन साडेसातला हॉटेल सोडीन. लवकर पोचलात तर बंदरासमोर बसून कॉफी प्या, काही बिघडत नाही.

धंतोलीकर
दादा, मनापासून आभार. परतीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. एक विचारतो, गाडी बोटीपर्यंत जाते का? बाबांना किती चालावं लागेल याचीच काळजी आहे. आणि सात जणांना एक व्हॅन पुरेल न?

दर्यावरचा_वऱ्हाडी
बरेच धक्के बॅरियरने बंद असतात, शोच्या दिवसांत तर जास्तच. गाडी कुठपर्यंत सोडतात हे ड्रायव्हरला नाही, बोटीच्या कॅप्टनला माहीत असतं. चुलतभावामार्फत त्याला कळवा की एक काका काठी घेऊन येणार आहेत. तो जवळची ड्रॉपची जागा सांगेल आणि क्रूमधला कोणी घ्यायला येईल, चांगल्या बोटीवर हे नेहमीचं काम आहे, संकोच करू नका. आणखी एक, इथे बोटी मागची बाजू धक्क्याकडे करून लावतात आणि चढायला एक अरुंद फळी असते, पासरेल म्हणतात. बाबांच्या पुढे एक, मागे एक माणूस ठेवा. वर गेल्यावर बहुतेक सगळीकडे चपला-बूट काढायला लावतात, तेव्हा काकांना खाली वाकावं लागणार नाही असं काहीतरी पायात घालून न्या.

ताई_ट्रॅव्हल्सवाली
मी इथे नागपुरातच ग्रुप टूर्सचं काम करते. वरच्या दादांनी बंदराचं सांगितलं, मी पैशांचं आणि बुकिंगचं सांगते.

सात सीटची व्हॅन सात माणसांना पुरते, पण सात माणसं अधिक त्यांच्या मोठ्या बॅगा म्हटल्या की नाही पुरत, आणि आपल्या लोकांच्या बॅगा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. विमानतळावरून दोन गाड्या किंवा मोठी मिनीबस सांगा. हार्बरच्या दिवशी हातातल्या पिशव्याच असणार, तेव्हा एक व्हॅन चालेल. मुलीसाठी बूस्टर सीट बुकिंगमध्येच लिहून घ्या.

एकूण किंमत लेखी मागा: टोल, विमानतळाचं पार्किंग, थांबण्याचा चार्ज, रात्रीचा चार्ज सगळं धरून. विमान उशिरा आलं तर किती वेळ फुकट थांबतील आणि ती वेळ विमान उतरल्यापासून मोजतात की बुकिंगच्या वेळेपासून, हे नक्की विचारा, माझ्या एका ग्रुपचं भांडण नेमकं यावरून झालं होतं. फ्लाइट नंबर द्या आणि टर्मिनल कोणतं तेही लिहा, नीसला दोन आहेत. तुम्ही मुंबईला विमान बदलणार, म्हणून ड्रायव्हरला नीसला जे विमान उतरणार त्याचा नंबर द्यायचा, नागपूर-मुंबईचा नाही. पूर्ण पैसे आधी मागत असतील तर कॅन्सलेशनची अट वाचूनच द्या. फोन करायचा तर सप्टेंबरमध्ये ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, आपल्याकडे दुपारी 1 नंतर करा.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. मोनॅको युरोपियन युनियनमध्ये नाही, तिथलं मोबाइल नेटवर्क वेगळं. तुमच्या रोमिंग पॅकमध्ये फ्रान्स असेल पण मोनॅको असेलच असं नाही. संध्याकाळी ड्रायव्हरला फोन लागत नाही आणि नेटही नाही, असं व्हायला नको. पॅक घेताना देशांच्या यादीत मोनॅको नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

धंतोलीकर
बाप्पा, हे रोमिंगचं तर कधीच कळलं नसतं ताई. आजच चुलतभावाला फोन करतो. संध्याकाळी गाडी नाहीच मिळाली तर?

दर्यावरचा_वऱ्हाडी
मोनॅकोची स्वतःची टॅक्सी असते, पण शोच्या दिवसांत लगेच मिळेल याचा भरवसा धरू नका. ट्रेन नको म्हणालात, तरी माहीत असू द्या: मोनॅको स्टेशनचं सेंट देवोत बाजूचं दार बंदराजवळच आहे आणि तिथून नीस वीस-पंचवीस मिनिटांत येतं, फक्त संध्याकाळी नोकरीवाल्यांची गर्दी असते, काकांना बसायला जागा मागून घ्या. बोट काप दायला लागणार असेल तर परतीचा प्रश्नच सुटला, ती फ्रान्सची हद्द, तुमची सकाळचीच गाडी घ्यायला येऊ शकते. आणि ड्रायव्हरला सकाळीच भेटीची जागा फोनवर फोटो काढून दाखवा, तिथलं दुकान किंवा पाटी दिसेल असा. बंदराभोवती बोगदे आहेत, आत मॅप हमखास भरकटतो. चुलतभावाचं उत्तर आलं की बंदराचं नाव इथे टाका, नेमकं कुठे उतरायचं ते सांगतो.